बोट घरीच रंगवायचीय: स्प्रे मारू का रोलर-ब्रश घेऊ?

जुना रंग खरवडून झाला, भेगा भरल्या, प्रायमर बसला, की डोक्यात एकच किडा वळवळायला लागतो, आता स्प्रे मारावा का रोलरने उरकावं. मी एका बोटीवर स्प्रे केलाय आणि दुसरीवर रोलर-ब्रश, त्यामुळे थोडं हक्काने सांगतो.

फिनिशसाठीच सगळे स्प्रेच्या नादी लागतात. नीट बसलेला स्प्रे आरशासारखा दिसतो, मान्य. पण रोलर-ब्रशची जोडीपण कमी नाही बरं का. एकाने बारीक फोमच्या रोलरने पातळ थर फिरवत जायचं, दुसऱ्याने लगेच मागून मऊ ब्रशचं नुसतं टोक फिरवून बुडबुडे मोडायचे, आणि कड ओली आहे तोवरच पुढचा पट्टा जोडायचा. जमलं तर चार हात लांबून फरक कळत नाही. एकट्याने मोठी बोट असेल तर मात्र कड सुकते आणि जोड दिसतो, म्हणून जोडीदार पाहिजेच. आणि खरं सांगू का, निम्म्याहून जास्त काम घासण्यात असतं. प्रायमर ३२० ग्रिटच्या बारीक सँडपेपरने कंटाळा न करता घासला नसेल तर कुठलीही गन वाचवणार नाही, ग्लॉस रंग खड्डे लपवत नाही उलट दाखवतो, गडद निळा तर सरळ चहाडी करतो.

सामान बघायचं तर रोलरला ट्रे, ब्रश आणि थिनर, संपलं. स्प्रेला कॉम्प्रेसर लागतो, आणि टायरमधे हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर इथे हमखास दगा देतो, कारण बऱ्याच एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाबाच्या) गनना १० सीएफएमच्या, म्हणजे मिनिटाला १० घनफुटांच्या, आसपास सलग हवा लागते. हवा कमी पडली की रंग बारीक तुषारांत फुटत नाही आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो (माझा झाला होता, दोन दिवस परत घासत बसलो). लाइनमधे पाणी अडवणारा फिल्टरपण हवा. जुन्या पद्धतीच्या गनने निम्म्याहून जास्त रंग हवेतच जातो, एचव्हीएलपीने बराच कमी, तरी मास्किंगला रोलरपेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो, आणि वाऱ्याने उडालेली रंगाची धूळ शेजारच्या गाडीवर बसली की भांडण ठरलेलं.

आता मुद्द्याचं. टिकायला भारी असतात ते दोन डब्यांचे, म्हणजे रंगात हार्डनर मिसळून लावायचे पॉलियुरेथेन रंग, पण त्यांच्या हार्डनरमधे (रंग कडक करणाऱ्या द्रवात) आयसोसायनेट असतं. स्प्रे केलं की त्याचं बारीक धुकं होतं, ते छातीत जाऊन दमा लागू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की नंतर अगदी थोड्यानेही त्रास होतो. धुळीचा मास्क इथे शून्य कामाचा. कार्बनच्या कार्ट्रिजवाल्या मास्कवरही भरवसा ठेवायचा नाही, कारण कार्ट्रिज संपली तरी वासावरून कळत नाही, बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. तो घरी कोणाकडे असतो? रोलरने तेच रंग लावले तर धुकं जवळपास होतच नाही, तरी वाफ असतेच, म्हणून मास्क, हातमोजे आणि मोकळी हवा ठेवायचीच. बंद शेडमधे स्प्रे करताना वाफेचा भडका उडू शकतो हेही विसरू नका, साधा टेबल फॅन लावून वाफ बाहेर काढणं म्हणजे ठिणगीला आमंत्रण.

म्हणून दोन डब्यांचा रंग घरी लावायचा असेल तर मी रोलरच घेईन, डोळे झाकून. एका डब्यातला रंग असेल, बोट लहान असेल, जागा मोकळी असेल, तर योग्य मास्क घालून स्प्रे करायला हरकत नाही. आणि आरसाच पाहिजे असेल तर तिसरा मार्ग आहे, घासाघाशी आणि प्रायमर घरी करायचं, शेवटचे कोट फक्त स्प्रे बूथवाल्याकडून मारून घ्यायचे.

पाण्याखालच्या भागाला वाद नाही, अँटीफाउलिंग (शेवाळ-शिंपले बसू न देणारा रंग) रोलरनेच. बोट अ‍ॅल्युमिनियमची असेल तर तांबंवालं अँटीफाउलिंग लावू नका, धातू खाऊन टाकतं.

काहीही निवडलं तरी थिनर त्या पद्धतीचाच घ्या, बऱ्याच रंगांना स्प्रेचा वेगळा आणि ब्रशचा वेगळा असतो. पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतलं बाष्प दव होऊन बसतं) निदान ३ अंश सेल्सिअस वर पाहिजे, नाहीतर संध्याकाळचा कोट सकाळी धुरकट दिसतो. आणि आधी एक प्लायचा तुकडा उभा करून त्यावर हात साफ करा, आडवा नाही, उभाच, कारण ओघळ फक्त उभ्यावरच येतात.