हँडब्रेकची केबल ‘ताणली गेली’ म्हणून पैसे घेतले, केबल मात्र जुनीच

जुनी गाडी उतारावर हँडब्रेक ओढून उभी केली आणि ती हळूच सरकली, की मालक धास्तावून गॅरेज गाठतो. तिथं लिव्हर एकदा वर ओढून पाहतात, दहा-बारा खटके वाजतात आणि गाडी न उचलताच निदान होतं: केबल ताणली गेलीय, बदलावी लागेल. संध्याकाळी गाडी ताब्यात मिळते. लिव्हर तिसऱ्या खटक्यालाच घट्ट, बिलावर ‘नवीन केबल आणि मजुरी’. तपासायचं काही शिल्लक आहे असं मालकाला वाटतही नाही. मग थोड्याच दिवसांत गाडी जड चालते, मागचे ड्रम (चाकाबरोबर फिरणारे ब्रेकचे गोल डबे) तापतात, जळका वास येतो आणि हँडब्रेक पुन्हा ढिला पडतो.

अशा बिलानंतर उचलून पाहिलेल्या एका मिनी गाडीच्या खाली काय दिसलं ते सांगतो. केबलच्या आट्यांवरचा नट पार शेवटपर्यंत आवळलेला होता. नट ज्या आट्यांवरून फिरत गेला तेवढा भाग चकचकीत आणि बाकी सगळा गंजलेला. नव्या केबलला असा अर्धा गंज नसतो. केबलवर काळा रंग फवारलेला होता, आणि तोच रंग शेजारच्या ब्रॅकेटवर व पत्र्यावरही उडालेला होता. मागच्या आर्मवर (चाक धरणाऱ्या दांड्यावर) केबल जिथून वळते ते फिरते तुकडे गंजून जाम होते. सगळ्यात बोलका पुरावा चाकामागच्या प्लेटवर होता: ब्रेक शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे अर्धगोल तुकडे) ड्रमजवळ आणायच्या चौकोनी अ‍ॅडजस्टरवर जुना चिखल जसाच्या तसा वाळलेला. म्हणजे त्याला पाना लागलाच नव्हता. खरं काम तिथं होतं.

ही फसवणूक चालते, कारण ‘केबल ताणली’ हे कारण पटतं आणि ते कुणाला पडताळता येत नाही. वस्तुस्थिती अशी की आतली पोलादी तार सहजासहजी लांब होत नाही. नवी केबल सुरुवातीला थोडी बसते, कारण तारेचे पीळ घट्ट होतात आणि बाहेरच्या नळीचं वेटोळं किंचित दाबलं जातं. त्यानंतर लिव्हरचे खटके वाढत गेले तर दोष बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो. शूचं लायनर (घासणारं अस्तर) झिजून ड्रमपासूनचं अंतर वाढलेलं असतं, क्लेव्हिस पिनचं (केबलचं टोक लिव्हरला जोडणाऱ्या खिळीचं) भोक लांबट झालेलं असतं, इक्वलायझर (दोन्ही चाकांना सारखी ओढ देणारा तुकडा) एका बाजूला अडकलेला असतो किंवा नळीचं टोक ब्रॅकेटमधून सरकलेलं असतं. आणि तार खरंच लांबली असेल, तर तिचे पदर आतून तुटायला लागलेले असतात. ती दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते. ‘ताणलेली केबल दुरुस्त करून देतो’ असं कुणी म्हणालं, तर गाडी तिथं सोडू नका.

कामाचा क्रम ठरलेला आहे, आणि तो उलटा केला की नुकसान होतं. सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक पूर्ण खाली. मागचा भाग जॅकने उचलून स्टँडवर ठेवायचा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जायचं नाही. आधी केबलचा नट सैल करायचा, इतका की तारेत अजिबात ओढ उरणार नाही. मग ड्रमजवळचा अ‍ॅडजस्टर, चौकोनी असो की दातेरी चाकाचा, चाक जाम होईपर्यंत फिरवायचा आणि चाक मोकळं फिरेपर्यंत मागे घ्यायचा. अगदी हलकी, एकसारखी घासणी चालते. एकाच जागी अडकत असेल तर ड्रम वाकडा आहे. मध्ये दोन-तीन वेळा ब्रेक पेडल दाबायचं, म्हणजे शू मधोमध बसतात. एवढं झाल्यावर लिव्हर ओढून पाहा. पुष्कळदा हँडब्रेक इथंच ठीक होतो आणि केबलला हातही लावावा लागत नाही. उरलेला सैलपणा केबलच्या नटाने काढायचा: साधारण तीन ते पाच खटक्यांत दोन्ही चाकं सारखीच धरली पाहिजेत आणि लिव्हर खाली केल्यावर दोन्ही पूर्ण सुटली पाहिजेत. नक्की आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, तोच धरावा. शेवटी लॉकनट आवळायचा.

हे टाळून नुसता नट आवळला तर काय होतं? ड्रमच्या आतला, केबलने ओढला जाणारा छोटा लिव्हर आपल्या थांब्यावरून उचललेलाच राहतो. शू पूर्ण मागे येत नाहीत, सतत घासतात, तापतात आणि लायनर काचेसारखं गुळगुळीत होतं. आपोआप जुळणारा अ‍ॅडजस्टर असलेल्या गाडीत तोही काम करेनासा होतो, म्हणून मग पायाचा ब्रेकही खोल जायला लागतो. हँडब्रेकचं बिल भरून मुख्य ब्रेक बिघडवून घेण्याचा हा प्रकार आहे, आणि याचाच आम्हाला सर्वांत जास्त राग येतो.

याहून वाईट प्रकारही सापडतात. तारेचा वेटोळा करून त्यावर यू आकाराचा क्लॅम्प आवळला जातो, म्हणजे केबल ‘आखूड’ होते. क्लॅम्पखाली पदर चिरडतात, आणि तो सुटतो तेव्हा गाडी बहुधा चढावर उभी असते. दुसरी युक्ती म्हणजे नळीच्या टोकाशी वॉशरची चळत किंवा पाइपचा कापलेला तुकडा घालणं. त्याने सैलपणा तेवढ्यापुरता जातो, पण नळी ब्रॅकेटमध्ये नीट बसत नाही. मोटारसायकलची बारीक तार घालून टोकाला शिशाचा गोळा ओतल्याचंही दिसतं. कारखान्यातून आलेल्या केबलचं टोक प्रेसने दाबून बसवलेलं असतं. आणि चाकाच्या आतल्या बाजूने ओला तपकिरी ओघळ दिसत असेल, तर व्हील सिलिंडर (पेडल दाबल्यावर शू ढकलणारा भाग) किंवा अ‍ॅक्सलचं सील गळतंय. तेल प्यालेलं लायनर कितीही आवळलं तरी धरणार नाही. तिथं केबलचं नाव घेणारा माणूस जिवाशी खेळतोय.

नवी केबल खरंच घ्यायची असेल, तर जुनी काढून दोन्ही शेजारी सरळ ठेवा. नुसती एकूण लांबी बघून चालत नाही. नळीची लांबी आणि नळीबाहेर उरणारी तार ही दोन मापं वेगवेगळी घ्यायची, कारण केबल चालते ती या दोन्हींतल्या फरकावर. तारेची जाडी व्हर्निअरने मोजा, टोकांचा आकार आणि आट्या जुळवा. बीटलसारख्या गाडीत उत्पादनाच्या वर्षाप्रमाणे केबलची लांबी बदलत गेली आहे, त्यामुळे ‘सगळ्यांना हीच बसते’ यावर विश्वास ठेवू नये. वर्षानुवर्षं पडून राहिलेला ‘जुना अस्सल स्टॉक’ असेल तर तार हाताने ओढून पाहा: ग्रीस वाळलं असेल किंवा रबरी बूट चिरला असेल तर तो भाग नुसताच जुना आहे.

गॅरेजला गाडी देताना तीन गोष्टी आधीच लिहून घ्या: काढलेली केबल परत मिळेल, ड्रम उघडून लायनर दाखवलं जाईल, आणि काम सुरू होण्याआधी व नंतर केबलच्या आट्यांचे फोटो मिळतील. आधी नटाशेजारी खडूची किंवा रंगाची खूण करून ठेवा. ड्रम उघडताना हवेच्या पाइपने धूळ उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टस असू शकतं, ओल्या फडक्यानेच पुसायचं.

गाडी परत घेताना काही किलोमीटर चालवा, शक्यतो ब्रेक कमी वापरून थांबा आणि दोन्ही मागच्या ड्रमजवळ हात नुसता धरून पाहा, टेकवू नका. एक बाजू स्पष्टपणे जास्त गरम असेल तर पैसे देण्याआधीच चाकं उचलून फिरवायला सांगा. केबल खरंच नवी असेल तर लिव्हर आठ-दहा वेळा जोराने ओढून सोडा आणि नट पुन्हा जुळवून घ्या. काही शे किलोमीटरनंतर आणखी एकदा. तोवर उतारावर गाडी गिअरमध्ये टाकून आणि चाकाला ठोकळा लावूनच उभी करा.