क्लच सेट करायचा की गिअरबॉक्स खोलायचा?

जालन्याकडं मोसंबीच्या बागेत आमचा मिनी ट्रॅक्टर ऐन कोळपणीत अडला. दुसरा गिअर टाकला की कर्रर्र! मिस्त्री म्हणाला, "दादा, बॉक्स खोलावा लागंल."

थांब म्हटलं. इंजिन बंद करून गिअर टाकले, तर सगळे लोण्यासारखे पडले. चालू केलं की पुन्हा खरखर. म्हणजे क्लच पुरता सुटत नव्हता, इंजिनचा जोर गिअरबॉक्सपासून पुरता तुटत नव्हता. क्लचचं पेडल हातानं दाबलं, तर मोकळी चालच (क्लच सुटायला लागायच्या आधी पेडल रिकामं दबतं ती) दोन इंच! बहुतेक ट्रॅक्टरांना ती 20 ते 30 मिमी लागते. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. पेडलपासून क्लचकडं जाणाऱ्या रॉडचा चेकनट (रॉड जागेवर आवळून धरणारा नट) सैल केला, रॉड फिरवून चाल बसवली. खर्च दोन चहा. पण चाल पार संपवू नका, रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) आणि क्लच प्लेट दोन्ही जळतात.

इंजिन बंद असतानाही गिअर अडत असेल किंवा चढाला आपोआप उडत असेल, तर मात्र बॉक्सच. त्यातही आधी वरचं झाकण काढून शिफ्टर फोर्क (गिअर सरकवणारा काटा) आणि गिअर जागेवर धरणारी स्प्रिंग व लोखंडी गोळी बघा. गिअरबॉक्सचं ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. ड्रेन प्लगला (ऑइल काढायच्या बुचाला) लोखंडाचे तुकडे चिकटले असतील, तर मिस्त्रीशी वाद घालू नका. पेरणी तोंडावर असेल तर शेजाऱ्याचे बैल आधीच सांगून ठेवा.