के-५ रेल्वे तोफेचं मॉडेल किट: तोफ झकास, पण वळणच दिलं नाही

दोन वर्षं मनात होतं, यंदा कापसाचे पैसे हातात आले तसं मागवूनच टाकलं. १:७२ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं प्लास्टिक किट आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन के-५ तोफेचं, क्रुप कंपनीवाल्यांनी बनवलेली, तीच जी रेल्वेच्या रुळावरून न्यायचे. कुरियर आमच्या गावात येत नाही, दारव्ह्याला जाऊन आणावं लागलं, डबा एका कोपऱ्यात दबला होता पण आतले पार्ट शाबूत निघाले.

आधी चांगलं सांगतो. नळी बघून डोळे दिपतात. खरी नळी साडेएकवीस मीटरची, किटमधली बरोबर ३० सेंटीमीटर भरते, पोरीच्या कंपासमधली... नाही, तिच्या दप्तरातली मोठी फूटपट्टी बाजूला ठेवून मोजली. खाली सहा-सहा एक्सलच्या दोन बोग्या (बोगी म्हणजे इथं डबा नाही, चाकांची चौकट) आहेत, एकूण २४ चाकं, आणि सगळी फिरतात. इतकी चाकं कशाला असं वाटेल, पण तोफेचं वजन २१८ टन, १२ एक्सलवर वाटलं तरी एका एक्सलवर १८ टन येतात, कमी चाकं असती तर रूळच दबला असता. गोळा २५५ किलोचा, म्हणजे अडीच क्विंटल कापूस एका गोळ्यात, तो मागच्या छोट्या क्रेननं उचलायचे, ती क्रेनसुद्धा किटमध्ये आहे आणि फार नाजूक बनवलीय. फक्त गोळे गुळगुळीत दिलेत ते चूक आहे, या तोफेच्या नळीत १२ खोल खाचा होत्या आणि गोळ्यावर त्यात बसणाऱ्या उभ्या धारा असायच्या, तेवढं तरी दाखवायला हवं होतं.

मार किती होता तर साधारण ६० किलोमीटरच्या वर. दारव्ह्याच्या स्टेशनात उभी केली तर यवतमाळ सहज टप्प्यात आणि गोळा पार मूर्तिजापूरच्या आसपास जाऊन पडेल. मी हा हिशोब नकाशावर पट्टी ठेवून केला तेव्हा अंगावर काटा आला, कारण १९४४ मध्ये इटलीत अँझिओला समुद्रकिनाऱ्यावर उतरलेल्या दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांवर अशाच दोन तोफा मारा करत होत्या, गोळे टाकायचे आणि परत बोगद्यात जाऊन लपायचे, वरून विमानाला दिसायचंच नाही. जर्मन त्यांना रॉबर्ट आणि लिओपोल्ड म्हणायचे, समोरचे सैनिक अँझिओ ॲनी.

आता मुख्य तक्रार. किटसोबत रुळाचा जो तुकडा येतो तो सरळ आहे. शेजारचे आबाजी शकुंतलेच्या (आमच्याकडची यवतमाळ-मूर्तिजापूर छोटी रेल्वे) लाईनवर गँगमन होते, म्हणजे रुळाची देखभाल करणारे, ते रोज संध्याकाळी येऊन बसायचे, तोफ उभी झाल्यावर त्यांनी नळीला हळूच बोट लावून पाहिलं आणि म्हणाले, "अरे बापू, नळी तं वर-खालीच होते, डाव्या-उजव्या अंगाले फिरतच नाई, मंग नेम कसा धरत असतीन?" तिसऱ्या मिनिटाला माणसानं मुद्दा पकडला! या तोफेची नळी आपल्या गाडीवर बाजूला जेमतेम एखादा अंश सरकते. म्हणून मेन लाईनमधून एक वाकडा फाटा काढायचे आणि त्या वळणावर तोफ पुढे-मागे करायचे, जागा बदलली की नळीची दिशा बदलते, म्हणजे अर्धा नेम रूळ टाकणारा गँगच धरायचा. नाहीतर मग गोल फिरणारा टर्नटेबल लागायचा. किटच्या कागदावर याचा एक शब्द नाही, जोडणीची चित्रं तेवढी आणि रंगांचे नंबर. सरळ रुळावर ठेवलेली ही तोफ म्हणजे जोत बांधल्याशिवायचा नांगर.

आम्ही मग वळण घरीच केलं. सायकलच्या जुन्या स्पोकचे रूळ, ते माठाच्या पोटाभोवती धरून वाकवले, आगपेटीच्या काड्या स्लीपर म्हणून एकदम मापात बसतात, खडीसाठी मुरूम पिठाच्या चाळणीनं चाळला (बायको दोन दिवस बोलली नाही, नवी चाळणी आणून दिली). दोन रुळांत २ सेंटीमीटर अंतर, खरं १४३५ मिलीमीटरचं. आबाजी म्हणाले शकुंतलेचं ७६२ होतं, आमच्या लायनीवर हे धूड उभंच राह्यलं नसतं. मग त्यांनी एका बोटानं तोफ वळणावर ढकलली आणि नळी दाराच्या चौकटीवरून सरकत सरकत भिंतीतल्या देवळीपर्यंत गेली. आबाजींनी चारदा केलं तसं.

क्रिमियातल्या सेवास्तोपोलला १९४२ मध्ये वापरलेली ८० सेंटीमीटर तोंडाची जर्मन तोफ गुस्ताव यापेक्षा कितीतरी मोठी, १३५० टन, तिला शेजारी-शेजारी दोन लाईनी लागायच्या, पण तिथं ४८ गोळे टाकण्यासाठी एवढा पसारा, मला ती काही पटत नाही. के-५ तशा २५ बनल्या आणि खरोखर कामाला आल्या.

घेणार असाल तर रंग आणि ग्लू वेगळे घ्या, डब्यात नाहीत. मे महिन्यात दुपारी जोडायला बसू नका, आमच्याकडे पार्ट जागेवर टेकवेपर्यंत ग्लू सुकत होता, रात्री नऊनंतर बसा. बोग्यांचे एक्सल चिकटवू नका, कागदातलं चित्र पाहून चिकटवावे असं वाटतं, मी दोन चिकटवले आणि ब्लेडनं सोडवताना एकाचं टोक तुटलं. पाचपैकी चार स्टार, एक त्या वळणाचा कापला.