लोकवर्गणी की अनुदान: दुसऱ्या सिनेमाचे पैसे

पहिला सिनेमा हातावेगळा झाला की ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर एकच विषय निघतो: पुढच्याचे पैसे कुठून आणायचे?

मराठी सिनेमाला राज्य सरकारचं अनुदान आहे. समिती सिनेमा पाहते, दर्जा ठरवते, मग रक्कम मिळते. म्हणजे आधी सिनेमा पूर्ण हवा. तोवर कॅमेऱ्याचं भाडं, संकलन, साउंड सगळं उधारीवर. पहिल्याचं अनुदान आलं तर दुसऱ्याला हातभार लागतो, पण त्या भरवशावर शूटिंगची तारीख धरू नये.

लोकवर्गणी कॅमेरा सुरू होण्याआधी येते. १९७६ चा ‘मंथन’ गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये देऊन उभा केला. नौपाड्यातल्या माझ्या मित्राकडे दोनशे पानी वही आहे: नाव, रक्कम, फोन, आणि शेवटच्या रकान्यात ‘ट्रेलर पाठवला’ची खूण. एका काकूंनी पाचशे रुपये दिले, वर शूटिंगला पोह्यांचा डबाही आणला. ही माणसं भेटली की विचारतात, “कुठवर आलं रे?” उत्तर द्यावंच लागतं. मला तो धाक हवासा वाटतो.

दुसऱ्या सिनेमासाठी मी वर्गणीच निवडेन. मात्र पहिल्याचा पै न् पैचा हिशेब दिल्याशिवाय नवी वही उघडणार नाही.