माणूस, रॅट, माऊस: फ्रोझन हेपॅटोसाइट्स मागवायचे असतील तर आधी हे वाचा

आमच्या पुण्याच्या लॅबमध्ये तिन्हींच्या यकृताच्या पेशी, म्हणजे क्रायो केलेले प्रायमरी हेपॅटोसाइट्स, एकाच सप्लायरकडून मागवले. नाव देत नाही पण बाकी सगळं सांगते, कारण एकेक वायल (पेशींची छोटी कुपी) महाग पडते आणि ऑर्डर देण्याआधी मला हे कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आमचं काम अफ्लाटॉक्सिन बी१ वर. शेंगदाणे, मका नीट वाळले नाहीत की त्यावर जी बुरशी येते तिचं विष. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात असा मका खाऊन शंभरावर माणसं गेली, त्यामुळे हा माझ्यासाठी नुसता पेपर छापायचा विषय नाही. यानं रॅटला लिव्हरचा कॅन्सर सहज होतो, पूर्ण वाढ झालेल्या माऊसला भरपूर डोस देऊनही सहसा होत नाही. मराठीत दोन्ही उंदीरच, पण लिव्हर केवढं वेगळं बघा. विषाचं घातक रूप, इपॉक्साइड, दोघांच्या पेशींत बनतं, फक्त माऊसमध्ये अल्फा गटातलं एक जीएसटी (ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज, विष निकामी करणारं) प्रोटीन आधीपासूनच भरपूर असतं, ते इपॉक्साइडला डीएनएला चिकटायच्या आत ग्लुटाथायोन हा पेशीतला छोटा रेणू जोडून टाकतं. रॅटमध्ये तसलं प्रोटीन एरवी अगदी कमी, इथॉक्सिक्विन हे अँटिऑक्सिडंट रसायन दिलं की वाढतं. माणसाचं अल्फा जीएसटी या कामात कमजोरच. म्हणून एकाच प्राण्याच्या पेशी घेऊन निष्कर्ष काढू नका, तिन्ही घ्या.

आता माल. पार्सल लिक्विड नायट्रोजनच्या ड्राय शिपरमध्ये व्यवस्थित आलं. वायल ३७ डिग्रीच्या वॉटर बाथमध्ये बर्फाचा बारीक खडा उरेपर्यंतच धरायची, मग लगेच थॉइंग मीडियम, सेंट्रिफ्यूज कमी स्पीडला, आणि पिपेट अगदी हलक्या हातानं, इथे घाई केली की पेशी फुटतात. रॅट आणि माऊसच्या पेशी कोलॅजनच्या प्लेटवर छान बसल्या, दुसऱ्या दिवशी तो फरसबंदीसारखा थर बघून खरंच आनंद झाला. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (कुठलं प्रोटीन किती आहे ते दाखवणारी चाचणी) माऊसचा जीएसटी बँड काहीही न देता ठळक, रॅटचा फिका, इथॉक्सिक्विननंतर वाढलेला, अगदी पुस्तकातल्यासारखं.

तक्रार माणसाच्या पेशींची. दुसऱ्या वेळी त्याच कॅटलॉग नंबरवर वेगळ्या डोनरचा लॉट आला, आम्हाला न विचारता, आणि त्या पेशी नीट बसल्याच नाहीत. बदलून दिल्या, पण तीन आठवडे गेले आणि स्टुडंटची अख्खी सिरीज पहिल्यापासून करावी लागली. दुसरं म्हणजे सर्टिफिकेटवर सीवायपी (औषधं-विषं बदलणारी लिव्हरची एन्झाइम्स) १ए२, २बी६, ३ए४ चे आकडे असतात, जीएसटीचं एक अक्षर नाही. बऱ्याच लोकांत जीएसटीएम१ हे जीएसटीपैकीच एकाचं जीन मुळातच नसतं, मग डोनरमध्ये ते आहे की नाही हे कळल्याशिवाय अफ्लाटॉक्सिनचा रिझल्ट वाचायचा कसा? एवढी माहिती तरी द्यायलाच हवी.

फेनोबार्बिटलवर (फिट्सचं औषध) काम करणाऱ्यांनो, तुम्हाला फक्त ब्लॉट पुरणार नाही. सीवायपी२बी रॅटमध्येही वाढतं, माणसातही, पण पेशी विभागायला लागतात त्या फक्त रॅटच्या, माणसाच्या नाही, म्हणून डीएनए सिंथेसिसही मोजा.

रॅट-माऊसला पाचपैकी साडेचार, माणसाच्या पेशींना अडीच. पुढची ऑर्डर यांच्याकडेच देणार आहे, पण आधी एक सॅम्पल वायल चालवून, त्याच डोनरच्या सगळ्या वायल्स लेखी राखून घेऊन.