सेलजीपीचा अख्खा सिझन देवबागेत बसून बघितला, त्याचा रिव्ह्यू

आमचं घर मालवणजवळ देवबागला. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधे जी माडांची पट्टी आहे ना त्यात आमचा चार खोल्यांचा होमस्टे. बाबा चाळीस वर्षं तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान होते, त्यातली सुरुवातीची वर्षं शिडाच्या होडीवर, इंजिन नंतर आलं. हे आधीच सांगते कारण हा रिव्ह्यू मी एकटीने लिहिलेला नाही, अर्धा बाबांचा आहे आणि थोडा माझ्या लेकीचा, ती आठवीत आहे आणि हे सगळं खूळ घरात तिनेच आणलं.

सेलजीपी म्हणजे देशादेशांच्या टीमची कॅटमरान, म्हणजे दोन सांगाड्यांच्या शिडाच्या बोटींची रेसिंग लीग. ओरॅकल कंपनीवाले लॅरी एलिसन आणि न्यूझीलंडचे नावाजलेले शिडाच्या बोटीचे खेळाडू रसेल कूट्स या दोघांनी सुरू केली, पहिली रेस 2019 च्या फेब्रुवारीत सिडनीला झाली. आम्ही बघितला तो पाचवा सिझन, 2024 च्या नोव्हेंबरात दुबईला सुरू झाला आणि 2025 च्या नोव्हेंबरात अबुधाबीला संपला. बारा देशांच्या टीम. बोट सगळ्यांची सेम, एफ50 नाव, पंधरा मीटर लांब, जवळजवळ नऊ मीटर रुंद, म्हणजे बोटीच्या जोरावर कोणी पुढे जाऊ शकत नाही, जो वारा ओळखेल तो जाणार. आपली टीम नाही त्यात, पण त्याने आमचं काही अडलं नाही.

पहिल्यांदा लेकीने मोबाईलवर क्लिप दाखवली तेव्हा बाबा चष्मा लावून बराच वेळ बघत बसले आणि मग म्हणाले, "गो, ही होडी पाण्यात नाय, पाण्यार असा." आणि खरंच तेच आहे ते. बोट उचललेली असते. खाली फॉइल नावाची पंखासारखी पाती असतात, वेग आला की ती पाती दोन्ही सांगाडे पाण्याबाहेर काढतात आणि पाण्यात राहतं फक्त ते पातं आणि सुकाणूचा भाग. लेकीला कळेना की एवढं वजन उचलतं कसं, तर बाबांनी तिला आमच्या होडीत बसवलं, खाडीत नेलं आणि सांगितलं हात बाहेर काढून पाण्यात धर. पंजा आडवा, सपाट. मग बोटांकडची बाजू जराशी वर कर. हात सटकन वर उडाला. इथल्या प्रत्येक पोराने लहानपणी हे केलेलं असतं, मी पण केलंय, पण त्यावर बोट चालते हे डोक्यात कधी आलं नव्हतं. पाणी हवेपेक्षा आठशे पटीच्या आसपास जड, त्यामुळे एवढंसं पातं सुद्धा अख्खी बोट उचलतं, आणि सांगाडा पाण्याला घासायचा बंद झाला की मग बोट वाऱ्यापेक्षा पण जोरात पळते. वाऱ्यापेक्षा जोरात ही गोष्ट बाबांना पटायला दोन महिने लागले. शेवटी त्यांनीच सांगितलं की बोट पळायला लागली की तिचा स्वतःचा वारा तयार होतो, समोरून येतो, आणि त्यांच्या वेळी पण होडी जोरात असली की शीड आत ओढून घ्यावं लागायचं ते ह्याचसाठी.

शीड म्हणायला शीड, पण ते कापड नाही, विमानाच्या पंखासारखा ताठ उभा पंख आहे. जोराचा वारा असेल तर 18 मीटरचा, मध्यम असेल तर 24 चा आणि वारा कमी असेल तर त्याहून उंच. वाऱ्याप्रमाणे शीड बदलायचं हे बाबांना लगेच आवडलं. आणि बोटीवर सहा जण. एक ड्रायव्हर, एक पंख सांभाळणारा, एक बोट किती उचलायची ते बघणारा, त्याला फ्लाइट कंट्रोलर म्हणतात, दोन जण हँडल फिरवून जोर लावणारे, आणि एक जण नुसता डोकं चालवायला, वारा कुठे आहे, कोण कुठे आहे ते सांगायला. म्हणजे जे काम आमचा एक तांडेल आणि एक खलाशी करायचे ते सहा जणांत वाटलेलं. त्यांचं आपापसातलं बोलणं लाइव्ह ऐकू येतं आणि माझ्यासाठी ह्या सगळ्या प्रॉडक्टमधली ही सगळ्यात भारी गोष्ट आहे. समालोचकांचं इंग्रजी फार फास्ट असतं, अर्धं डोक्यावरून जातं, पण बोटीवरचे लोक दोन-दोन शब्दच बोलतात, वर, खाली, थांब, आता, आणि ते कोणालाही कळतं. होडीत असंच बोलतात. होडीत कोणी लांबलचक बोलत नाही.

आता सिडनीच्या वेळचं सांगते. सकाळी साडेदहाच्या सुमाराची गोष्ट, पाहुण्यांचे घावणे देऊन झाले होते, मी चटणीचा हात पुसत टीव्हीसमोर आले. वरून हेलिकॉप्टरचा शॉट होता, बोटी सगळ्या डावीकडे वळत होत्या, एकच बोट उजवीकडे गेली. मी म्हटलं ही गेली चुकून. बाबा खुर्चीत पुढे सरकले, स्क्रीनला बोट लावलं आणि म्हणाले, "थंय बघ, पाणी काळा झाला." खरंच स्क्रीनवर उजव्या कोपऱ्यात पाण्याचा रंग जरा गडद होता, बारीक सुरकुत्या पडल्यासारखा. "वारो इलो थंय." पाच-सहा सेकंद काही नाही. मग ती उजवीकडची बोट त्या काळ्या पाण्यात शिरली आणि एकदम उचलली गेली, आणि डावीकडच्या बोटी एकेक करून खाली बसल्या, पाण्याला टेकल्या, फेस उडाला. "ह्येंका आता वारो गावचो नाय." समालोचक त्यानंतर ओरडायला लागले. सत्तरीच्या पुढचा माणूस, इंग्रजीतला एक शब्द कळत नाही, आणि तो समालोचकाच्या आधी सांगत होता. त्यानंतर मी प्रत्येक रेस बाबांकडे बघत बघितली.

स्क्रीनवर पाण्यावर आखलेल्या रेषा दिसतात, सीमा कुठे, पुढच्या बोयापर्यंत, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेपर्यंत किती अंतर, कोणाचा वेग किती. ते सगळं कॉम्प्युटरने काढलेलं असतं, पाण्यावर प्रत्यक्षात रेष नसते, पण ओलांडली तर पेनल्टी खरी. पंच पाण्यावर नाहीतच, लंडनमधे स्क्रीनसमोर बसलेले असतात आणि जगात कुठेही रेस असली तरी निकाल तिथून देतात. पेनल्टी लागली की बोटीने वेग कमी करून मागे यायचं आणि मगच पुढे जायचं. नियम सुरुवातीला समजत नाहीत, दोन वीकेंड जाऊ द्यायचे, मग आपोआप कळतात. प्रत्येक बोटीचा डेटा सगळ्या टीमना उघडा असतो, कोणी कुठे पंख किती फिरवला ते दुसऱ्याला बघता येतं. आमच्याकडे मासळी कुठे लागली ते सख्खा भाऊ भावाला सांगत नाही, त्यामुळे बाबांना हे ऐकून फार आश्चर्य वाटलं, आणि मग म्हणाले की सगळं सांगून पण जो जिंकतो तोच खरा.

जूनमधे न्यूयॉर्कची रेस होती. जून म्हणजे इथे मासेमारी बंद, होड्या वर ओढून ताडपत्रीखाली, घरात सगळे रिकामे, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत शेजारची माणसं पण बसली होती. ब्राझीलच्या बोटीची ड्रायव्हर मार्टिन ग्राएल. तिच्या नावावर 2016 आणि टोकियो अशी दोन ऑलिंपिक गोल्ड, आणि वडील टोर्बेन ग्राएल, त्यांची पाच ऑलिंपिक मेडल. सेलजीपीत बोट चालवणारी ती पहिली बाई, आणि त्या न्यूयॉर्कच्या वीकेंडला तिने एक रेस जिंकली. बाई ड्रायव्हर असताना रेस जिंकायची ती पहिलीच वेळ. शेजारचे काका म्हणाले, "सुकाण चेडवान धरल्यान?" म्हणजे सुकाणू पोरीने धरलं? बाबा काही बोलले नाहीत. मी ह्या घरात जन्मले, खाडीत पोहले, जाळी विणली, मासे विकले, पण होडी समुद्रात बाहेर पडते तेव्हा सुकाणू माझ्या हातात कोणी कधी दिलं नाही, आणि मी मागितलं पण नाही, आमच्याकडे बायका मासळी घेऊन बाजारात जातात, दर्यात जात नाहीत. त्या रात्री लेक झोपायला गेली नाही, ती रेस पुन्हा लावून बघत होती.

ह्याच सिझनच्या काळात आपल्या नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोघी तारिणी नावाच्या बोटीवरून शिडाने पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या, ऑक्टोबर 2024 ला गोव्यातून निघाल्या आणि मे 2025 ला परत गोव्यात. आमच्या घरापासून गोवा किती लांब आहे? तारिणी बांधलीये पण गोव्यातच. लेकीने दोघींची आणि मार्टिनची बातमी एकाच वहीत चिकटवलीये. ऑगस्टमधे नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, आणि बाबांनी तिला खाडीत सुकाणू धरायला दिलं. मला घरी आल्यावर कळलं.

नारळी पौर्णिमेनंतर आठवड्याभराने जर्मनीत सासनित्झला रेस होती, बाल्टिक समुद्रात, आणि तिथे डेन्मार्कच्या टीमने ताशी 103.93 किलोमीटर वेग काढला. सेलजीपीत शंभरच्या वर जाणारी पहिली बोट. कसाल-मालवण रस्त्यावर एसटी कधी एवढी पळाली नाही, आणि ही नुसत्या वाऱ्यावर. त्या वर्षी जानेवारीत ऑकलंडपासून बोटींना नवीन टी आकाराची फॉइल लावली होती, टायटेनियमची, त्याने वेग वाढला असं सगळे सांगतात.

आता जे नाही आवडलं ते.

एक तर रिओची रेस रद्द झाली. मार्चमधे सॅन फ्रान्सिस्कोला ऑस्ट्रेलियाच्या बोटीचा पंख मोडून खाली आला, तपासणीत पंखांमधे दोष सापडला आणि मेमधलं रिओ गेलं. सुरक्षेसाठी केलं ते बरोबरच, फाटक्या शिडाने कोणी दर्यात जात नाही, पण मार्टिनच्या घरचं पाणी होतं ते आणि लेक दोन दिवस जेवली नाही नीट. दुसरं म्हणजे वारा पडला की हा खेळ बघवत नाही, बोटी पाण्यावर बसून राहतात. बाबांना मात्र तेच बघायला आवडतं, ते म्हणतात वाऱ्यात कोण पण पळवेल.

आणि माझी मुख्य तक्रार, फायनल. वर्षभर बारा ठिकाणी रेसा, दुबई, सिडनी, पोर्ट्समथ, जिनिव्हाचं तर तळंच, आणि शेवटी पॉइंटमधे वरच्या तीन टीम एकाच रेसला उभ्या राहतात, जी जिंकेल तिला ट्रॉफी आणि वीस लाख डॉलर. वर्षभराचे पॉइंट तिथे कामाला येत नाहीत. आधीच्या सिझनला, 2024 मधे, असंच स्पेनने ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला हरवलं, आणि त्याआधीचे तिन्ही सिझन ड्रायव्हर टॉम स्लिंग्सबीच्या ऑस्ट्रेलियाने घेतले होते. थरार आहे, मान्य, पण वर्षभर जाळं ओढायचं आणि एका सकाळच्या मासळीवर हिशेब करायचा, हे मला पटत नाही. बाबांना पटतं. आमचं ह्यावर अजून भांडण चालू आहे.

अबुधाबीच्या फायनलला ब्रिटन, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया. ब्रिटनचा डिलन फ्लेचर आणि न्यूझीलंडचा पीटर बर्लिंग हे दोघे ड्रायव्हर टोकियो ऑलिंपिकमधे पण समोरासमोर होते, तेव्हा गोल्ड फ्लेचरला आणि सिल्व्हर बर्लिंगला. आमच्याकडे रविवार, होमस्टे फुल, आणि नेमकं फायनल सुरू व्हायच्या आधी वायफाय गेलं. कस्टमर केअरला फोन लावला तर तुमची तक्रार नोंदवली आहे एवढंच. पूर्ण महिन्याचे पैसे आगाऊ घेतात आणि गेल्या पावसापासून हे असंच चाललंय. शेवटी कोल्हापूरच्या एका पाहुणीने तिच्या मोबाईलचा हॉटस्पॉट दिला आणि आम्ही सगळे, पाहुणे धरून अकरा माणसं, पडवीत एका लॅपटॉपभोवती. ब्रिटन जिंकलं. बाबांना न्यूझीलंड हवं होतं. शेवटचा बोया ओलांडल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "सुरवात चुकली की वारो परत देणा नाय." कोणाची सुरुवात चुकली ते मला दिसलं नव्हतं, म्हणून रात्री रिप्ले लावून बघितली, तीनदा.

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी साडेचार, अर्धा फायनलसाठी कापला. ज्यांना बघायचंय त्यांनी आधी यूट्यूबवर एखाद्या अख्ख्या वीकेंडचे रिप्ले बघा, हायलाइट नको, हायलाइटमधे फक्त टक्कर आणि वेग असतो, वारा दिसत नाही. अॅपवर एकेका बोटीचा कॅमेरा आणि आकडे वेगळे बघता येतात, ते मोठ्या फोनवरच बघा. अमेरिकेतल्या रेसा आपल्याकडे रात्री-पहाटे पडतात, युरोपच्या संध्याकाळी, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सकाळी. घरात कोणी शिडावर गेलेलं म्हातारं माणूस असेल तर त्याला शेजारी बसवा आणि आवाज बंद करा.

पुढच्या सिझनची पहिली रेस जानेवारी 2026 ची, ऑस्ट्रेलियातल्या पर्थला. पर्थ आपल्या अडीच तास पुढे, म्हणजे बाबांच्या जेवणाच्या आत उरकेल. लेकीने कॅलेंडरवर त्या शनिवार-रविवारी खोल्या बुक करायच्या नाहीत असं लिहून ठेवलंय, आणि मी ते खोडलेलं नाही.