फेट आणि जिओजेब्रा: शिकवणीतले आठ महिने

बडोद्यात दांडिया बाजारात मी घरीच नववी-दहावीची गणित-विज्ञानाची शिकवणी घेतो. आधी एका ॲपचे वर्षभराचे पैसे भरून बसलो होतो. त्यातले व्हिडिओ मुलं डोळे उघडे ठेवून झोपेत बघायची. मग फुकटातल्या या दोन गोष्टींकडे वळलो.

फेट ही अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाची वेबसाइट, पडद्यावर करून बघायच्या प्रयोगांची, म्हणजे सिम्युलेशनची. भौतिकशास्त्राचं २००१ चं नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये ती सुरू केली, त्यात बक्षिसाचे काही पैसेही घातले. सिम्युलेशन चालवायला खातं उघडावं लागत नाही. फाइल एकदा उतरवून घेतली की नेट नसलं तरी ब्राउझरमध्ये उघडते. बरीचशी मराठीत आणि गुजरातीतही आहेत, ही माझ्यासाठी मोठी सोय. माझ्याकडची निम्मी मुलं मराठी घरातली, पण पुस्तक गुजराती. मी ‘रोध’ म्हणतो, पुस्तक ‘अवरोध’ म्हणतं.

सगळ्यात जास्त वापरलं ते विद्युतमंडलाचं. पहिल्याच दिवशी एकीने बॅटरीच्या दोन्ही टोकांना एकच वायर जोडली आणि पडद्यावर ज्वाळा. सगळे ओरडले, “सर, बळी गयुं!” (म्हणजे ‘जळालं!’; मराठी कानाला भलतंच काही ऐकू येतं.) शॉर्ट सर्किट मला त्यानंतर शिकवावं लागलं नाही.

पण नुसतं हातात दिलं की त्याचा खेळ होतो, दोन आठवडे ज्वाळाच चालल्या. तेव्हापासून नियम केला: आधी अंदाज वहीत, मग माउस हातात. एकसरीत दोन बल्ब, कुठला जास्त उजळ? बहुतेकांनी लिहिलं, पहिला, कारण तो करंट ‘खाऊन टाकतो’. लावून पाहिलं तर दोन्ही सारखेच मंद. ९ व्होल्टची बॅटरी, १० ओहमचे दोन बल्ब, करंट मोजणारा अॅमीटर कुठेही लावा, ०.४५ अँपिअर. स्विच दाबताच निळे इलेक्ट्रॉन सगळीकडे एकदमच सरकायला लागतात, तेही दिसतं. एक मुलगा आपलं वहीतलं उत्तर खोडायला तयारच होईना. त्याला म्हटलं, राहू दे, शेजारी नवीन लिही.

जिओजेब्रा हे आकृत्या काढून हलवून बघायचं गणिताचं सॉफ्टवेअर, ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या मार्कुस होहेनवार्टर यांचं, २००१ मधलं. माझ्याकडे ते भूमितीपुरतंच. अर्धवर्तुळावरचा बिंदू ओढत न्या, कोन ९०° चा ९०° च राहतो. यावर एकाने विचारलं, “दिसतंय ना, मग सिद्धता कशाला?” प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, तू वीस जागी ओढलास, उरलेल्या जागांचं काय? त्याला पटलं की नाही, देव जाणे, पण त्या बिंदूपर्यंत त्रिज्या काढून दोन समद्विभुज त्रिकोण त्यानेच दाखवले.

फोनवर मात्र दोन्ही नकोत. वायरचं टोक बोटाखाली झाकलं जातं. जुना लॅपटॉप टीव्हीला जोडला की काम होतं.

दिवाळीनंतर ती ज्वाळावाली मुलगी मांडवीहून खरा सेल, टॉर्चचा बल्ब आणि कुठल्याशा मोटरमधली तांब्याची तार घेऊन आली. जोडणी अगदी पडद्यावरच्यासारखी, तरी बल्ब लागेना. सेल बदलला, बल्ब बदलला. शेवटी तारेची टोकं तिच्यासमोर धरली आणि म्हटलं, नखाने खरवडून बघ. वरचं वीज अडवणारं वॉर्निश नखाला दाद देईना. आतून पॉलिश पेपर आणून दिला.